ब्रिटनमध्ये नवीन आलात? फोन एकच ठेवा, नंबर मात्र वेगळे

इथे उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच तुम्ही ब्रिटनचा एक मोबाइल नंबर घ्याल. तोच नंबर बँकेत द्याल, घर दाखवणाऱ्या एजंटाला द्याल, जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातल्या फॉर्मवर लिहाल आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी एचआरलाही द्याल. महिन्याभरात कंपनी म्हणेल, हे आमचं सिम घ्या किंवा आमची ॲप्स तुमच्या फोनवर टाका. तोवर कुठला नंबर कुणाकडे गेला याचा पत्ता कुणालाच राहिलेला नसतो.

माझं सांगणं एकच आहे. खिशात फोन एकच असू द्या, पण कामाचा नंबर आणि स्वतःचा नंबर पहिल्या आठवड्यापासून वेगळा ठेवा. आणि जी गोष्ट तुमची आहे ती नोकरी देणाऱ्याच्या नंबरावर कधीही नोंदवू नका.

हे मी इतकं ठासून का सांगतो, तर व्हिसामुळे. इथला व्हिसा आता कार्डावर नसतो. बहुतेक बीआरपी कार्डांची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डांची, मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि सगळं ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन व्हिसावर, गेलं. तो पाहायचा तर यूकेव्हीआयच्या (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात शिरावं लागतं आणि शिरताना लागणारा कोड येतो तुम्ही नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर. नवी नोकरी धरताना शेअर कोड, म्हणजे समोरच्याला तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून द्यायचा कोड, लागतो, इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेतानाही लागतो. तो कोड ९० दिवस चालतो आणि याच खात्यातून काढावा लागतो.

मागे आपल्याकडच्या, नाशिकच्या एका मुलाने या खात्याला कंपनीच्या सिमचा नंबर आणि कंपनीचाच ईमेल दिला होता. त्याची अख्खी टीम बंद झाली. शुक्रवारी दुपारी लॅपटॉप परत घेतला, संध्याकाळपर्यंत सिम आणि ईमेल दोन्ही बंद. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी गेली की गृहखात्याकडून साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवा प्रायोजक, म्हणजे व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी, शोधायचा आणि अर्ज करायचा. त्यातले बरेच दिवस त्या मुलाचे स्वतःच्याच खात्यात शिरायला मिळावं म्हणून पत्रव्यवहार करण्यात गेले. समोर दुसरी कंपनी शेअर कोड मागत होती आणि खात्यात शिरायचा कोड जात होता बंद पडलेल्या नंबरावर.

म्हणून यूकेव्हीआय, बँक, एचएमआरसीचं (कर विभागाचं) खातं, एनएचएसचं (सरकारी आरोग्यसेवेचं) ॲप, जीपी, घरमालक, मुलांची शाळा या सगळ्यांना तुमचा स्वतःचा नंबर आणि स्वतःचाच ईमेल द्या. एचआरच्या फायलीत अडीअडचणीसाठी तो असायला हरकत नाही. फक्त फॉर्म भरतानाच सांगा की हा नंबर रोटाच्या (पाळ्यांच्या वेळापत्रकाच्या) ग्रुपसाठी किंवा ग्राहकांना देण्यासाठी नाही. पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणालाही खटकत नाही. सहा महिन्यांनी सांगितलं की खटकतं.

स्वतःचा नंबर

नव्या माणसाची इथे क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे दोन वर्षांच्या कंत्राटावर महागडा फोन मिळणं अवघड जातं. त्याच्या मागे लागूही नका. महिन्या-महिन्याने चालणारं सिम-ओन्ली, म्हणजे फोनशिवाय नुसतं सिम, घ्या. पे-ॲज-यू-गो, म्हणजे प्रीपेड, सिमला ओळखपत्रही लागत नाही. गिफगॅफ, लेबारा, स्मार्टी, वॉक्सी ही नावं तुमच्या कानावर येतीलच. ही मंडळी मोठ्या कंपन्यांच्याच नेटवर्कवर चालतात आणि पाच ते दहा पौंडांत महिना निघतो. नंबर आवडला पण कंपनी नाही आवडली, तर ६५०७५ वर इंग्रजीत PAC एवढंच लिहून मेसेज पाठवा. नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा कोड लगेच येतो, ३० दिवस चालतो आणि नवी कंपनी एका कामाच्या दिवसात तोच नंबर चालू करून देते. २०१९ पासून ही सोय आहे, त्यामुळे एकदा घेतलेला नंबर वर्षानुवर्षं टिकवता येतो. तो टिकवाच.

कामाचं सिम वेगळ्या नेटवर्कचं असेल तर चांगलंच. विटांच्या जुन्या घरांत आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर एक कंपनी चालते तिथे दुसरी चालेलच असं नाही.

तीन नंबर, जागा दोन

आपल्या लोकांची खरी अडचण इथे सुरू होते, कारण आपले नंबर दोन नसतात, तीन असतात. तिसरा भारतातला. आधारचा ओटीपी भारतीय नंबरावरच येतो. बँकेचा, म्युच्युअल फंडाचा, डीमॅटचाही बहुधा तिथेच येत असतो.

भारतातून आणलेल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सिमचे दोन स्लॉट असतात, पण स्वस्तातल्या फोनमध्ये ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच साठवलेलं सिम, नसतं. एकात भारताचं, एकात इथलं सिम घातलं की जागा संपली. भारतात किंवा इथे विकला जाणारा नेहमीचा आयफोन एक साधं सिम आणि ई-सिम घेतो. आयफोन १३ पासून पुढे दोन ई-सिमही एकाच वेळी चालतात. फोनमध्ये ई-सिम कितीतरी साठवता येतात, पण एका वेळी चालू राहतात दोनच लाइन.

त्यामुळे रोज लागणाऱ्या दोन लाइन चालू ठेवा: स्वतःची ब्रिटनची आणि कामाची. भारताचा नंबर घरातल्या जुन्या हँडसेटमध्ये घालून तो हँडसेट चार्जरजवळ ठेवून द्या. ओटीपी लागेल तेव्हा चालू करायचा, एरवी बंद. निघण्याआधी भारतातच त्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, इथे आल्यावर ते करणं कटकटीचं होतं. मोबाइल डेटा मात्र त्या सिमवर बंदच असू द्या. रोमिंगवर आलेल्या एसएमएसला बहुतेक प्लॅनमध्ये पैसे पडत नाहीत, पण चुकून कॉल उचललात तर पडतात. रिचार्जची तारीख विसरू नका. ट्रायच्या (भारताच्या दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि नंतर तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. घरी भाऊ किंवा बहीण असेल तर रिचार्जचं काम त्यांच्याकडे सोपवा. सिम मात्र त्यांच्याकडे ठेवू नका. मध्यरात्री ओटीपीसाठी कुणाला उठवावं लागणं बरं नव्हे.

या नंबरावरचं ओझं हळूहळू कमी करता येतं. परदेशी स्थायिक झाल्यावर बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यायचंच असतं. त्याच वेळी बँकेला विचारा की ब्रिटनचा नंबर नोंदवता येतो का. अनेक बँका नोंदवून घेतात. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ब्रिटनसह दहा देशांच्या नंबरांवर एनआरई (परदेशी कमाई ठेवायच्या) आणि एनआरओ खात्यांना यूपीआय वापरायची मुभा दिली. आधार मात्र भारतीय नंबरावरच राहील, म्हणून तो नंबर पूर्ण सोडू नका.

फोन लावून घेताना

दोन्ही लाइन चालू झाल्या की पाच मिनिटं बसून नावं द्या: एकीला ‘घर’, दुसरीला ‘काम’. आयफोनमध्ये ‘मोबाइल सर्व्हिस’मध्ये, सॅमसंगमध्ये ‘सिम मॅनेजर’मध्ये. कॉलसाठी नेहमीची लाइन ‘घर’ ठेवा, आणि कामाच्या माणसांच्या संपर्कात जाऊन त्यांच्यासाठी ‘काम’ निवडा. मग मॅनेजरला लावलेला फोन चुकून घरच्या नंबरावरून जात नाही. दोन्हींची रिंगटोन वेगळी ठेवा. अंघोळीला गेलेले असताना फोन वाजला तरी बाहेर यायचं की नाही हे आवाजावरूनच कळतं.

भारतातले सगळे संपर्क +९१ लावून आणि इथले +४४ लावून सेव्ह करा. नुसते दहा आकडे ब्रिटनच्या सिमवरून लागत नाहीत. आणि +४४ नंतर पुढचं शून्य येत नाही. ०७ ने सुरू होणारा नंबर +४४७ असा होतो. भारतातल्या नातेवाइकांना नंबर पाठवताना ‘+४४०७’ असा पाठवला की आईचा फोन लागत नाही आणि ती बिचारी दिवसभर काळजी करत बसते.

या फोनमध्ये दोन लाइन असल्या तरी बहुतेक वेळा बोलणं एकाच लाइनवर होतं. एका लाइनवर बोलत असताना दुसरीवर कॉल आला तर तो थेट व्हॉइसमेलला जातो. दोन्ही लाइनवर वाय-फाय कॉलिंग चालू ठेवलंत तर हे बरंचसं टळतं, आणि घरात सिग्नल नसतो ती अडचणही मिटते. तरीही दोन्ही नंबरांवर स्वतःच्या आवाजात, नाव सांगून, व्हॉइसमेलचा निरोप भरून ठेवा. आपल्याकडे व्हॉइसमेल कुणी ऐकत नाही, इथे ऐकतात आणि ठेवतातही. हॉस्पिटलचा फोन बऱ्याचदा नंबर न दिसता येतो, म्हणून घरच्या लाइनवर अनोळखी कॉल गप्प करायची सेटिंग लावू नका. नाहीतर महिनोन्‌महिने वाट पाहिलेली अपॉइंटमेंट हुकते.

कंपनीची ॲप्स

कंपनी सिम देत नसेल आणि टीम्स, आउटलुक, ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारं ॲप) तुमच्याच फोनवर टाका म्हणत असेल, तर आधी एक प्रश्न ईमेलने विचारा: तुम्ही माझ्या फोनवर फक्त कामाचा कप्पा करणार की अख्खा फोन तुमच्या ताब्यात घेणार? अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ असतं. त्यातल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. कंपनीला तेवढाच कप्पा दिसतो, तेवढाच पुसता येतो. तुमचे फोटो आणि मेसेज तिला दिसत नाहीत. सुट्टीत एका बटणाने तो कप्पा थांबवताही येतो. आयफोनवरही कामाचा डेटा वेगळा ठेवणारी अशीच पद्धत आहे. अख्खा फोन नोंदवून घ्यायचा आग्रह असेल तर सरळ दुसरा हँडसेट मागा. अशी नोंदणी झालेला फोन कंपनीला दुरून पूर्ण पुसता येतो, आणि त्यात तुमच्या लेकीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटोही जातील. हा एकच प्रसंग आहे जिथे मी खिशात दोन फोन बाळगायला सांगेन.

सिम किंवा फोन कंपनी देत असेल तर कंत्राट कंपनीच्या नावावर आहे याची खात्री करा. एचएमआरसीच्या नियमात कंपनीने दिलेल्या एका फोनवर किंवा सिमवर तुम्हाला कर लागत नाही. कंत्राट तुमच्या नावावर आणि बिल कंपनी भरते, अशी व्यवस्था असेल तर कराचा प्रश्न येऊ शकतो.

व्हॉट्सॲपचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ते सिमशी बांधलेलं नसतं. कामाची लाइन बंद केली तरी ग्रुपचे मेसेज येतच राहतात. अँड्रॉइडवर ऑक्टोबर २०२३ पासून एकाच ॲपमध्ये दोन खाती ठेवता येतात. आयफोनवर कामाच्या नंबराला व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. केअर होम, दुकानं, हॉटेलं इथे रोटा सर्रास व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो, म्हणून तिथे कामाचाच नंबर हवा. घरच्या व्हॉट्सॲपवर अजून भारताचा नंबर असेल तर ‘चेंज नंबर’ करून तो ब्रिटनच्या नंबरावर आणा. गप्पा आणि ग्रुप जसेच्या तसे राहतात. भारताचा नंबर कधी बंद पडून दुसऱ्याकडे गेला तर त्यावर खातं उघडणारा माणूस दुसराच असेल.

संध्याकाळ

ब्रिटनमध्ये कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा नाही. १९९८ च्या कामाच्या तासांच्या नियमांत मात्र २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती सांगितलेली आहे. सांगलीहून आलेल्या एका नर्सताईला सुट्टीच्या सकाळी रोज ‘जरा येता का’ असा फोन यायचा. नाही म्हणायचा तिला संकोच वाटे, विशेषतः व्हिसा त्यांच्याच हातात म्हणून. तिने मॅनेजरला साध्या शब्दांत लिहिलं की सुट्टीच्या दिवशी कामाची लाइन बंद असते, सोमवारी सकाळी सात वाजता मी मेसेज पाहीन. त्यानंतर ती खरंच लाइन बंद ठेवू लागली. फोन बंद लागायला लागल्यावर मॅनेजरने दुसऱ्यांना विचारायला सुरुवात केली. तिच्या नोकरीला काही झालं नाही.

ऑन-कॉल असाल तर गोष्ट वेगळी, पण ऑन-कॉल लेखी असतं आणि त्याचे काय मिळतं तेही लिहिलेलं असतं. ते नसेल तर घरी आल्यावर कामाची लाइन खुशाल बंद करा.

घरच्या लाइनची अडचण नेमकी उलटी असते. हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. आई-बाबा रात्री जेवून नऊला फोन करतात तेव्हा इथे दुपारचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात आणि तुम्ही मीटिंगमध्ये असता. त्यांना ऑक्टोबर आणि मार्चअखेरीस घड्याळ बदललं की सांगा. कामाच्या वेळात घरची लाइन गप्प ठेवलीत तरी आई, बाबा, नवरा किंवा बायको आणि मुलांची शाळा एवढे नंबर वाजतील अशी सोय करून ठेवा.

नोकरी बदलताना शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. राजीनामा दिल्याबरोबर, सिम अजून चालू असताना, कामाच्या नंबरावर आणि ईमेलवर तुमचं स्वतःचं काही नोंदवलेलं आहे का ते शोधा: पेन्शनचं खातं, पगाराच्या स्लिपचं पोर्टल, ऑथेंटिकेटरमधले तुमचे वैयक्तिक कोड. ते सगळं आपल्या नंबरावर आणा. जुन्या पगाराच्या स्लिप आणि पी६० (वर्षभराच्या पगार आणि कराचा दाखला) उतरवून घ्या, आणि पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा तसाच दाखला) कुठल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर येणार ते पगार विभागाला विचारून ठेवा.