किंचाळणाऱ्या स्पूल टेपवरून आजोबांचे कीर्तन उतरवताना

आजोबांच्या कीर्तनाची 1978 सालची स्पूल टेप संगणकावर उतरवायला घेतली, तेव्हा मिनिटभरातच ती किंचाळू लागली आणि हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी, चिकट थर साचला. मी यंत्र तत्काळ थांबवले, कारण तो थर म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी साठवणारे लेपनच होते. ते धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बंधक हवेतील ओलावा शोषून मऊ पडतो.

टेपची गुंडाळी प्रथम उजेडासमोर धरली. उजेड आरपार दिसला असता, तर ती ॲसिटेट या प्लॅस्टिकची ठरली असती आणि तिला उष्णता देणे घातक झाले असते. ही मात्र पॉलिएस्टरची, पाठीवर काळा लेप असलेली होती. म्हणून बंधकातील ओलावा घालवण्यासाठी फळे सुकवण्याच्या यंत्रात ती 54 अंश सेल्सिअसला 8 तास, मध्ये एकदा उलटून, ठेवली आणि पूर्ण थंड होऊ दिली. हेड व टेपला मार्गावर ठेवणारे गाइड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले.

किंचाळणे थांबले, तरी टाळ दबलेलेच वाटत होते. हेडचा ॲझिमथ, म्हणजे टेपशी असलेला त्याचा कोन, स्क्रू अगदी किंचित फिरवून जुळवताच झांजेची किणकिण स्पष्ट झाली. उष्णतेचा गुण काही आठवडेच टिकतो, त्यामुळे त्याच दिवशी 24 बिट, 96 किलोहर्ट्झ या उच्च डिजिटल दर्जात संपूर्ण कीर्तन उतरवून घेतले.