कंपोझिट बॅट घेताना
अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या मुलासाठी कंपोझिट, म्हणजे कार्बन फायबरच्या थरांची बॅट घेताय? आधी बॅटवरचा मान्यतेचा शिक्का बघा: हायस्कूलला बीबीकॉर (बॅटवरून चेंडू किती उसळावा यावर मर्यादा घालणारं मानक), लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या लहान गटांना यूएसए बेसबॉल. शिक्का चुकला तर महागडी बॅटही सामन्यात चालत नाही. बीबीकॉरची ३३ इंची बॅट ३० औंसांपेक्षा हलकी नसते, पण नुसत्या छापील वजनावर जाऊ नका. मुलाला ती फिरवून बघू द्या. वजन टोकाकडे असेल तर फटक्यात जोर येतो, पण बॅट उशिरा पोचते. नवख्याला समतोल बॅटच द्यावी, असं माझं ठाम मत आहे. फटक्यानंतर हात झिणझिणत असतील तर दोन भाग जोडून केलेली बॅट बरी. नवी बॅट दर फटक्यानंतर थोडी वळवत सरावात मुरवा. मशीनचे खड्डेवाले कडक चेंडू आणि १५ अंश सेल्सिअसखालची थंडी मात्र टाळा, तडा जाऊ शकतो.