जेलीसारखं गोठणारं पाया सूप घरी कसं करावं

रात्री फ्रिजमध्ये ठेवलेलं सूप सकाळी चमच्याने कापता आलं पाहिजे. भांडं तिरकं केलं तर ओघळायच्या ऐवजी थरथरलं पाहिजे. घरोघरी होणारं पाया सूप बहुतेक वेळा चवीला छान असतं, पण गार झालं तरी पाण्यासारखंच राहतं. मग लोक म्हणतात, अजून दोन तास उकळायला हवं होतं. खरं तर उकळणं क्वचितच कमी पडतं. हाडं चुकीची घेतलेली असतात, नाहीतर पाणी जास्त झालेलं असतं.

घट्टपणा येतो जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन तयार होतं कोलॅजन नावाच्या प्रथिनापासून. हे कोलॅजन कातडी, शिरा, कुर्च्या आणि सांधे यांत भरलेलं असतं. मटण घेताना आपण ज्या नळीसाठी खाटकाशी हुज्जत घालतो, तिच्यातला मगज म्हणजे मुख्यतः चरबी. तो सुपात वितळतो, वर तरंगतो, चव देतो. गोठवण्याच्या कामी मात्र येत नाही. म्हणून नळ्या दोनच घ्या, हौसेपुरत्या. भर द्यायचा तो पायांवर आणि गुडघ्याच्या गाठींवर.

खरेदी

बोकडाचे चार पाये आणि सांध्याची साधारण अर्धा किलो हाडं, असं मिळून किलोभर माल होतो. पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात जा किंवा आपल्या पेठेतल्या नेहमीच्या दुकानात, पण रविवारी सकाळी अकराच्या गर्दीत पाये साफ करून मागू नका. मागे रांग लागलेली असताना कोणताही खाटीक ते मनापासून करत नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा: "दादा, पाये भाजून, खरवडून, तीन-तीन तुकडे करून ठेवा." तुकडे सांध्यावर केलेले हवेत. मधोमध हाड फोडलं की बारीक कपच्या सुपात येतात आणि त्या गाळणीतूनही सुटतात. गटारीच्या आठवड्यात पायांचा विचारच सोडा.

मटण खात नसाल तर कोंबडीचे पंजे घ्या. बऱ्याच चिकनवाल्यांकडे ते बाजूलाच टाकलेले असतात, मागितले की स्वस्तात मिळतात. किलोभर मालात निम्मे पंजे आणि निम्म्या पाठी-माना, असं प्रमाण ठेवा. पंज्यांची पिवळी साल उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढली की मोज्यासारखी निघते. नखं कात्रीने छाटायची.

साफसफाई

सूप आवडलं नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना नावडलेला असतो तो पायांचा उग्र वास, आणि तो इथेच घालवायचा असतो. दुकानातून साफ करून आणलेला पाया घरी उजेडात धरून पाहा. खुरांच्या बेचक्यात हमखास चार केस आणि काळी घाण उरलेली असते. चिमट्यात धरून तेवढा भाग गॅसवर भाजा आणि सुरीच्या बोथट बाजूने खरवडा. मग मूठभर कणीक आणि चमचाभर हळद सगळ्या तुकड्यांना चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि खसखसून धुवा. धुतलेलं पाणी गढूळ-करडं निघेल. स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं.

आता सगळी हाडं गार पाण्यात घाला आणि उकळी आणा. पाच मिनिटांत वर करडी मळी जमते. ते पाणी पूर्ण ओतून द्या, हाडं नळाखाली पुन्हा धुवा, भांडंही घासा. "यात सगळं सत्त्व गेलं की!" असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. एवढ्या वेळात कोलॅजन जागचं हलत नाही, जातं ते रक्त आणि फेस.

शिजवणं

किलोभर हाडांना कुकरमध्ये सव्वा लिटर पाणी पुरतं, म्हणजे हाडं जेमतेम बुडतील एवढंच. सूप गोठायला शंभर मिलीत निदान दीड-दोन ग्रॅम जिलेटिन लागतं. त्यात "जरा सगळ्यांना पुरेल" म्हणून तांब्याभर पाणी वाढवलं की ते प्रमाण मोडतं. पाहुणे जास्त असतील तर पाये वाढवा.

पाच लिटरचा कुकर घ्या, दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. आल्याचा बोटभर तुकडा ठेचून, सात-आठ लसूण पाकळ्या, एक अख्खा कांदा, दहा-बारा मिरे, दालचिनीचा छोटा तुकडा आणि तमालपत्र घाला. मीठ आत्ता नको. पुढे आटवायची वेळ आली तर सूप खारट होईल. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी येऊ द्या, मग कुकर छोट्या बर्नरवर अगदी मंद आचेवर दीड तास. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. सारख्या शिट्ट्या होत असतील तर आच जास्त आहे आणि दीड तासात तळ कोरडा पडू शकतो. पंजे असतील तर पाऊण तासात काम होतं.

गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढू नका. दाब एकदम उतरला की आतलं पाणी खदखदा उसळतं, चरबी पाण्यात घुसळली जाते आणि नितळ सूप दुधट होतं. आपोआप झाकण पडू द्या.

कुकर नको असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात दोन लिटर पाणी घेऊन सहा ते आठ तास लागतात. पुण्यात, समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. त्याने काही बिघडत नाही, कारण कोलॅजन त्याच्या बरंच खाली विरघळायला लागतं. पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा फुटावा इतकीच आच हवी. पातेल्यात मसाले शेवटच्या तासात घाला, नाहीतर कांदा-लसणाचा अर्क कडवट होतो. स्वाद पातेल्यातला थोडा उजवा, हे मान्य. पण आठ तासांचा गॅस आणि जिन्यात पसरणारा वास पाहता सोसायटीत राहणाऱ्याने कुकरच लावावा. दोन्हींत अतिरेक नको: फार वेळ कडक आचेवर ठेवलं की तयार झालेलं जिलेटिनच तुटतं आणि गोठण्याची ताकद जाते.

झालं की नाही ते असं बघा: पायाची कातडी बोटाने दाबली की हाडावरून सुटून यायला हवी. सुपाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून गार होऊ द्या. बोटं एकमेकांना चिकटली पाहिजेत. चिकटली नाहीत तर सूप गाळून उघड्या पातेल्यात एक-तृतीयांश आटवा.

गार करणं

बारीक गाळणीवर सुती फडकं टाकून गाळा. एप्रिल-मेच्या उकाड्यात पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं, जंतूंना यासारखं खाद्य नाही. परातीत गार पाणी घेऊन त्यात भांडं ठेवा, पाणी दोनदा बदला आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी वर चरबीची पांढरी साय धरलेली असेल. ती फोडणीला वापरा. तिच्याखाली सूप तीन-चार दिवस टिकतं. जास्त दिवसांसाठी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वापरताना नेहमी खळखळून उकळा.

प्यायला वाटीभर गरम सूप, मीठ, मिरपूड, लिंबू. पण मला त्याहून आवडतं ते वाफाळत्या इंद्रायणी भातावर थिजलेल्या सुपाचे दोन चमचे टाकणं. ते शितांमध्ये विरघळत जातं तोवर वरून कोथिंबीर घालायची. रस्सा किंवा पुलावात पाण्याऐवजी हेच घाला.

हाड मोडलेल्या माणसाला हे आवर्जून पाजतात. जरूर पाजा, तोंडाला चव येते. पण कॅल्शियमसाठी यावर विसंबू नका. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारच थोडं उतरतं, चमचाभर व्हिनेगर घातलं तरी. त्याबाबतीत नाचणीची भाकरी आणि दूध कितीतरी पुढे आहेत. युरिक अ‍ॅसिडचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उरलेल्या हाडांना पुन्हा लिटरभर पाणी घालून अर्धा तास शिट्टीवर ठेवलं तर पातळ पाणी निघतं. ते गोठणार नाही, आमटीला चालेल. त्यानंतर हाडं ओल्या कचऱ्यात. गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचा मोह आवरा. शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या त्यांच्या घशात आणि आतड्यात रुततात.