पार्कात पिस्तूल नेताय? या चुका टाळा, माझ्या सगळ्या पाहून झाल्यात

अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला येऊन मला सोळा वर्षं झाली आणि हातात हँडगन परमिट, म्हणजे पिस्तूल बाळगायचा परवाना, येऊन नऊ. एवढ्या काळात आपल्या मराठी मंडळींकडून एकच वाक्य इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. "अरे परमिट आहे ना, मग पार्कात न्यायला काय हरकत?" माझा उलटा प्रश्न, कुठलं पार्क? की समोरचा गप्प. किंवा मग, "पार्क म्हणजे पार्क रे, झाडं असतात ते."

झाडं सगळीकडे सारखीच असतात हो, जमीन सारखी नसते. तिकडे गावाकडे शस्त्र परवाना काढला की त्यावर हद्द लिहिलेली असते, राज्यापुरता आहे की अख्ख्या भारतात चालतो, आणि निवडणूक लागली की मुकाट पोलीस स्टेशनला नेऊन जमा करायचं. इथलं कार्ड दिसतं ड्रायव्हिंग लायसन्ससारखं, त्यावर ना हद्द ना काही, त्यामुळे माणसाला वाटतं आता आपण कुठेही मोकळे. सगळा घोळ इथून सुरू होतो.

आधी टेनेसीचंच सांगतो. २००९ साली इथे कायदा झाला की परमिटवाल्याला पार्कात हँडगन नेता येईल, पण त्यात शहराला आणि काउंटीला (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) "आमच्याकडे नको" म्हणायची सोय ठेवली होती. म्हणजे या गावचं पार्क चालतं आणि शेजारच्या गावचं चालत नाही, असा खेळ. २०१५ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी सही केली आणि गावांचा तो हक्क गेला. आता परमिट असेल तर सेंटेनियल पार्क, पर्सी वॉर्नर, रॅडनॉर लेक, सगळीकडे मुभा. लोक इथपर्यंत वाचतात आणि मोबाईल खिशात टाकतात. पुढचं कोणी वाचतच नाही!

पुढचं असं, की नॅशव्हिलच्या कडेला पर्सी प्रीस्ट लेक आहे, आपली अर्धी जनता उन्हाळ्यात तिथेच असते. याच तळ्याच्या काठावर लाँग हंटर स्टेट पार्क आहे, ते राज्य चालवतं. आणि याच तळ्याच्या काठावर सेव्हन पॉइंट्स कॅम्पग्राउंड आहे, ते आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं, म्हणजे केंद्राचं. पाणी तेच, बदकं तीच, पण कोअरच्या जागेत भरलेली गन न्यायची नाही, शिकार वगैरेचे मोजके अपवाद सोडून, आणि तुमचं राज्याचं परमिट तिथे काही कामाचं नाही. अटलांटावाल्यांनो, तुमचा लेक लॅनियर पण कोअरचाच आहे, जॉर्जियाचा कायदा कितीही सैल असू दे. म्हणून मी पार्काचं नाव ऐकलं की आधी सातबारा विचारतो. हसतात लोक. हसू देत.

नॅशनल पार्कची गंमत अजून वेगळी. २२ फेब्रुवारी २०१० पासून तिथे तुम्ही ज्या राज्यात उभे आहात त्या राज्याचा कायदा लागतो (हे कलम २००९ च्या क्रेडिट कार्डांच्या कायद्यात घुसवलं होतं, खरंच, क्रेडिट कार्डांच्या). पण ते झालं मोकळ्या रानात. पार्कातली सरकारी इमारत, व्हिजिटर सेंटर, रेंजर स्टेशन, ही फेडरल म्हणजे केंद्राची जागा, तिथे गन आत नेणं गुन्हा, आणि तशी पाटी दारावरच असते.

आता किस्सा. ऑक्टोबरचे दिवस, पानं रंगलेली, आम्ही तीन कुटुंबं स्मोकी माउंटन्सला निघालो. आमच्यातल्या एकाने नुकतंच परमिट काढलेलं. टेनेसीत दोन प्रकारची परमिटं आहेत, एक आठ तासांचा क्लास आणि शूटिंगची परीक्षा देऊन मिळणारं, फी १०० डॉलर, आणि दुसरं ऑनलाइन दीड तासाचा कोर्स बघून, फी ६५ डॉलर. याने अर्थातच दुसरं काढलेलं, तेही एकीकडे मॅच बघत. माझं या दीड तासवाल्यांबद्दलचं मत छापण्यासारखं नाही. कायदेशीर आहे, मान्य, पण ज्या माणसाला कांदेपोहे शिकायला दोन रविवार लागले त्याला हे दीड तासात जमलं असेल यावर माझा विश्वास नाही.

तर गॅटलिनबर्ग ओलांडून शुगरलँड्स व्हिजिटर सेंटरला थांबलो. पोरांना ज्युनियर रेंजरची पुस्तिका हवी होती. हा पठ्ठ्या पोराचं बोट धरून सरळ दाराकडे, शर्टाखाली कमरेला पिस्तूल. काचेवर पाटी, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर, आणि हा पोराला विचारतोय की अस्वलाचा स्टिकर पण मिळतो का. मी मागून शर्टच धरला त्याचा. झालं, वाचला, असं मला वाटलं.

पण खरी चूक याच्या पुढची. पार्किंगमध्ये परत आला, गाडीचं दार उघडलं, आणि उभ्या उभ्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये कोंबायला लागला. भर दुपारी, भरलेल्या पार्किंगमध्ये, शेजारच्या गाडीतून एक बाई बाबागाडी काढत होती तिच्या समोर. ती जी किंचाळली! दोन मिनिटांत रेंजर हजर. याचे हात थरथरत होते, तोंडातून इंग्रजी फुटेना. रेंजर समजूतदार निघाला, परमिट बघितलं, आयडी बघितलं, शांतपणे समजावलं आणि सोडलं. पण ती दहा मिनिटं आम्ही सगळे जसे उभे होतो ना, बायका पोरांना गाडीत कोंबून, तशी दहा मिनिटं कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. ट्रिपभर कोणी धड बोललं नाही.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. वाटेत कुठेही इमारतीत जायची शक्यता असेल तर मी गन अंगावर घेतच नाही, निघतानाच घरी कुलूपबंद पेटीत घालतो आणि पेटी सीटखाली केबलने बांधतो. आणि दिवसभर पेटी उघडत नाही. होल्स्टरमधून काढ-घाल हा पार्किंगमध्ये करायचा उद्योग नाही. ग्लोव्ह बॉक्स तर नाहीच, ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, गाड्या फोडणारे पहिला हात तिथेच घालतात.

त्याच ट्रिपमध्ये पुढे न्यूफाउंड गॅपला गेलो, ५,०४६ फूट, तिथे टेनेसी संपतं आणि नॉर्थ कॅरोलिना सुरू होतं. सगळे जण एक पाय इकडे एक पाय तिकडे टाकून फोटो काढतात. पार्क एकच, पण पाय पलीकडे पडला की कायदा बदलला. नॉर्थ कॅरोलिना दुसऱ्या राज्याचं परमिट मानतं, पण तिथे पोलिसाने थांबवलं तर गन आहे हे त्याने विचारायच्या आधी आपण सांगायचं, असा नियम. टेनेसीत विचारलं तर सांगायचं. हे आमच्या मित्राला माहीत होतं का? दीड तासात तेवढं कुठे येतं. आणि ज्याच्याकडे परमिटच नाही, त्याने लपवून कमरेला ठेवली असेल तर फोटो काढता काढता गुन्हा.

यावरून दुसरी मोठी चूक. "आता टेनेसीत परमिट लागतच नाही." हे वाक्य मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. १ जुलै २०२१ पासून विनापरमिट हँडगन बाळगता येते हे खरं, पण पार्कातली सूट कायद्यात परमिटवाल्यांनाच दिलेली आहे. विनापरमिटवाल्यासाठी पार्कबंदी तशीच राहिली, आणि ती मोडणं हा क्लास ए मिसडिमीनर, म्हणजे ११ महिने २९ दिवसांपर्यंत तुरुंग. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गिब्सन काउंटीतल्या कोर्टाने ही पार्कबंदी राज्यघटनेविरुद्ध ठरवली, लगेच लोकांनी ढोल बडवले, पण सरकार अपीलात गेलं. खालच्या कोर्टाच्या निकालाच्या भरवशावर बायकापोरांना घेऊन पार्कात जाणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही, दुसरा शब्द आहे त्याला.

शाळेचं कलम. हे परमिटवाल्यांनाही माहीत नसतं आणि हे माझं स्वतःचं दुखणं आहे. पार्क तुमच्यासाठी खुलं आहे, ठीक, पण त्या वेळी मैदानावर शाळेचा सामना किंवा शाळेचा कार्यक्रम चालू असेल तर त्याच्या लगतच्या भागात गन चालत नाही. लक्षात आल्यावर निघायचं, रेंगाळायचं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या लोकांची उन्हाळी पिकनिक, शेल्टर बुक केलेलं, सकाळी मैदान रिकामं, मी परमिट आणि बाकी सगळ्यासकट. वांग्याचं भरीत अजून तव्यावरच्या भाकरीची वाट बघत होतं आणि पिवळी स्कूल बस येऊन उभी राहिली. मागून दुसरी. जर्सी घातलेली पोरं उतरली, कोचने कोन लावायला सुरुवात केली. मी ताट ठेवलं, बायकोला म्हटलं निघतो, तिला वाटलं माझं पोट बिघडलं. चाळीस मिनिटं गाडी चालवून घरी गेलो, गन ठेवली, चाळीस मिनिटं परत. भरीत संपलेलं. तेव्हापासून पोरांच्या पिकनिकला मी नेतच नाही, आणि खरं सांगू का, एकदाही अडलं नाही.

आता आपल्या लोकांची खास चूक, ही गोऱ्यांच्या लेखांत सापडणार नाही. तुमचं ग्रीन कार्ड आहे, गन कायदेशीर, परमिट कायदेशीर. आई-बाबा सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेत. पार्कात पोराला झोपाळ्यावर बसवायचं म्हणून "आई, जरा पर्स धर गं." त्या पर्समध्ये पिस्तूल आहे. फेडरल कायद्याने व्हिजिटर व्हिसावाला, एच-वन वाला (नोकरीचा व्हिसा), एच-फोर वाला (त्याच्या बायकोपोरांचा), विद्यार्थी, यांनी गन किंवा गोळी जवळ बाळगणंच गुन्हा आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे ठराविक अपवाद सोडले तर, आणि २०२२ पासून त्याला कमाल शिक्षा १५ वर्षं. सासरे फौजेतून रिटायर झालेले असू देत, आयुष्यभर रायफल साफ केलेली असू दे, "हातात घेऊन एक फोटो काढतो" हे नाही म्हणजे नाही. मी एकांच्या सासऱ्यांना हे सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चालेल. आणि ग्रीन कार्डवाल्यांनो, गनच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढण्याचं कारण म्हणून तेवढं पुरतं, तेव्हा सिटिझन मित्राने केलेली मस्ती तुम्हाला परवडत नाही.

बाकीच्या चुका, पटापट. कूलरमध्ये बिअर आणि कमरेला गन, दोन्हीतलं एकच निवडा. अस्वलासाठी पिस्तूल न्यायचं म्हणताय, तर स्मोकीजमध्ये साधारण १,९०० काळी अस्वलं आहेत आणि माझ्या पट्ट्याला बेअर स्प्रे असतो, तो काढताना कोणी किंचाळत नाही. शाळेपासून हजार फुटांत गन न्यायची नाही हा फेडरल नियम, त्यातून सूट मिळते ती ज्या राज्याने परमिट दिलंय त्याच राज्यात, पाहुण्या परमिटला नाही. यूट्यूबवरचा २०१९ चा व्हिडिओ हा पुरावा नव्हे. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, तिथे सगळ्यात आधी उत्तर देणाऱ्याकडे बहुतेक वेळा गनच नसते. पार्क ऑफिसला फोन करा, पाच मिनिटं लागतात.

राहिली राज्याबाहेरची गोष्ट. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा जुना परमिट कायदा मोडला, तेव्हा आमच्या इकडच्या उत्साही मंडळींना वाटलं की आता देशभर रान मोकळं. झालं उलटं. न्यूयॉर्कने १ सप्टेंबर २०२२ पासून नवा कायदा आणला आणि सार्वजनिक पार्कं "संवेदनशील जागा" म्हणून यादीत टाकली. न्यू जर्सीने त्याच डिसेंबरमध्ये पार्कं आणि बीच. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये, आणि तिथल्या अपील कोर्टाने २०२४ साली पार्कांवरची बंदी उचलून धरली. व्हर्जिनियाची तऱ्हा वेगळी, तिथे २०२० पासून काउंटीला स्वतःच्या पार्कात बंदी घालता येते आणि फेअरफॅक्स काउंटीने ती घातली, पण स्टेट पार्कात परमिट चालतं. म्हणजे टेनेसीने जे २०१५ ला बंद केलं ते व्हर्जिनियाने पाच वर्षांनी चालू केलं.

मागच्या ऑगस्टमध्ये त्याच मित्राचा, शुगरलँड्सवाल्याचा, फोन. पोराला न्यू जर्सीत कॉलेजला सोडायला चाललोय, गाडीनेच, वाटेत व्हर्जिनियात एका पार्कात कॅम्पिंग, पेटीत कुलूप लावून नेऊ का? मी म्हटलं, न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक बाई, पेनसिल्व्हेनियाचं परमिट, पूल ओलांडून तिकडे गेली, गाडी थांबवल्यावर स्वतःहून पोलिसाला सांगितलं की गन आहे. सुटायला २०१५ साली गव्हर्नरची माफी लागली. तो म्हणाला, पण नुसतं गाडीतून नेण्याचा १९८६ चा फेडरल कायदा आहे ना? आहे, पण तो एका कायदेशीर ठिकाणाहून दुसऱ्या कायदेशीर ठिकाणी जाण्यापुरता, रिकामी आणि हाताला न लागेल अशी ठेवून, आणि तू तर पोहोचणारच आहेस न्यू जर्सीत, राहणार पण तिथेच. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ठीक, घरीच ठेवतो.

चार दिवसांनी तिथून मेसेज आला. सगळं व्यवस्थित, पोरगं रूमवर स्थिरावलं, फक्त पार्किंगचा दंड बसला. पाटी दिसली नाही म्हणे.