पोस्टफिक्सचं उत्तर चुकतंय? आधी वजाबाकी देऊन बघा

पोस्टफिक्स म्हणजे चिन्ह दोन्ही संख्यांनंतर लिहायची पद्धत: २+३ ऐवजी ‘२३+’. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) डेटा स्ट्रक्चर लॅबमध्ये त्याचं उत्तर काढणारा सी प्रोग्रॅम असतोच. तिथं पोस्टफिक्सला सफिक्स म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं तो पाठ करतात, ‘२३+’ देतात आणि ५ आले की रेकॉर्ड लिहायला बसतात. पण बेरीज-गुणाकारात सगळ्यात मोठी चूक झाकून जाते. तपासायचंच तर ‘८२/३-’ द्या. उत्तर १ यायला हवं.

३ आलं? मग पॉपचा, म्हणजे स्टॅकच्या वरून संख्या काढण्याचा, क्रम उलटा पडलाय. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेला ढीग: त्यात आधी ८ गेला, त्यावर २ बसला. पहिल्या पॉपला २ निघतो, तो चिन्हाच्या उजवीकडचा. नंतर निघणारा ८ डावीकडचा. उलटं धरलं की २/८, म्हणजे पूर्णांकात ०, आणि पुढं ३-०. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं ‘ऑपरँड टू (उजवीकडची संख्या) आधी, ऑपरँड वन (डावीकडची) नंतर’ असं इंग्रजीत घोकतात आणि व्हायवात ‘का?’ विचारलं की गप्प. कागदावर स्टॅक काढून बघा, घोकायची गरजच पडत नाही.

हुशारी करून ‘पॉप() - पॉप()’ एकाच ओळीत लिहू नका. यातला कुठला पॉप आधी चालेल, याची सी भाषा हमी देत नाही. एका कंपायलरवर बरोबर, दुसऱ्यावर उलटं. दोन ओळी, दोन व्हेरिएबल.

‘२३+’ लाच १०१ आले तर अंकाऐवजी त्याचा अ‍ॅस्की कोड (कॅरेक्टरचा ठरलेला क्रमांक) पुश झालाय, म्हणजे स्टॅकवर गेलाय: ५० आणि ५१. कॅरेक्टरमधून '०' वजा करा. एकेक कॅरेक्टर वाचत असाल तर १२ चे १ आणि २ होणारच. लॅबमध्ये एकअंकी संख्याच असतात म्हणून निभतं. बाहेर मात्र स्पेस देऊन टोकन (प्रत्येक संख्या किंवा चिन्ह) तोडा, म्हणजे -५ आणि वजाबाकीचं चिन्हही वेगळं ओळखता येईल.

घातासाठी सीमध्ये ‘^’ वापरलं तर २^३ चे ८ नव्हे, १ येतात. ते एक्सऑर आहे, म्हणजे बिट-बिट ताडून बघणारी क्रिया. घातासाठीचं पॉव फंक्शन घ्या. लिनक्सवर लिंक करताना ‘-एलएम’ (गणिताची लायब्ररी जोडणारा पर्याय) राहिलं की एरर, तो वेगळा ताप.

‘५+’ दिलं तर दुसरा पॉप रिकाम्या स्टॅकवर होतो. सी ओरडत नाही, अ‍ॅरेबाहेरचा कचरा उचलून उत्तर छापतो, म्हणून पॉपमध्येच टॉप (स्टॅकच्या सगळ्यात वरच्या जागेचा क्रमांक) -१, म्हणजे स्टॅक रिकामा, आहे का ते तपासा. ‘२३४+’ चा घोळ आणखी फसवा: ७ छापलं जातं आणि खाली २ तसाच पडून राहतो. टॉप -१ पासून सुरू केला असेल, तर छापण्याआधी तो बरोबर ० हवा. नसेल तर उत्तर न देता ‘एक्स्प्रेशन चुकीचं’ असं छापा.