हेडफोनमधली घूंऽ आणि खरखर: नवा घेण्याआधी या चुका टाळा

आवाज येऊ लागला की पहिला संशय हेडफोनवर. मग नवा येतो आणि घूंऽ होती तिथेच राहते. म्हणून आधी हेडफोन चार्जिंगला न लावलेल्या मोबाइलला जोडून ऐका. तिथे शांत असेल तर हेडफोन निर्दोष आहे, पैसे खिशातच राहू द्या.

आता लॅपटॉपला लावा आणि चार्जर काढा. घूं थांबली तर दोष विजेचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिचीच ती जाड, एकसुरी घूं. बॉडी धातूची असेल तर हात लावून बघा: हलक्या झिणझिण्या येतात आणि हात टेकवला की आवाज कमी होतो. म्हणजे अर्थिंग मिळत नाहीये. दोन पिनांच्या चार्जरचं हे नेहमीचं. पण तीन पिनांचा असूनही होत असेल, तर गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत सॉकेटचं तिसरं भोक अनेकदा नुसतं शोभेचं असतं, मागे वायरच नसते. वायरमनला बोलावून तपासून घ्या.

इथेच सगळ्यात वाईट चूक होते. कुणीतरी सांगतं, ‘अर्थची पिन काढून टाक, आवाज जाईल.’ जातोही. पण ॲम्प्लिफायरमध्ये आत काही बिघडलं तर त्याच्या पत्र्यात करंट उतरेल आणि त्याला जायला वाट तुमच्या हातातूनच. हे करू नका, मंडळाच्या मांडवात तर मुळीच नाही, पावसात भिजलेल्या जमिनीवर.

दुसरा छुपा गुन्हेगार म्हणजे केबल टीव्हीची वायर. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स ॲम्पला जोडलेला असेल तर मागची जाड काळी वायर काढून बघा. ती गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून येते, तिचं अर्थिंग तिकडचं. ॲम्पचं तुमच्या भिंतीतलं. दोन अर्थमध्ये किंचित जरी फरक असला तरी ऑडिओच्या वायरीतून करंट फिरतो आणि स्पीकर घुमतो. वायर काढताच शांतता झाली तर त्या वायरीवर आयसोलेटर बसवा, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन दोन्हीकडच्या अर्थचा संबंध तोडणारा छोटा जोड. लॅपटॉप आणि ॲम्पमध्ये असाच घोळ असेल तर आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. नाहीच भागलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ऑडिओच्या वायरीत लावायचा तसाच जोड. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो, फक्त अगदी स्वस्तातला घेऊ नका, त्यात बास पातळ होतो.

पंख्याचा रेग्युलेटरही बघा. टप्पे नसलेला, सलग फिरणारा असेल तर तो विजेची लाट कापतो आणि माइकमध्ये बारीक ‘झर्र’ उतरते. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद. मे महिन्यात घाम गाळावा लागतो, इलाज नाही.

वायर हलवली की खरखरतं? मग जॅक. पावसाळ्यात त्यावर गंज-मळाचा थर बसतो. फुंकर मारू नका, फुंकरीतही ओलावाच असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पिन पुसा, सुकू द्या, मग पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. फरक पडला नाही तर वायर बहुधा आतून तुटलीय.

रेकॉर्डिंगमध्ये नुसती सूंऽ येत असेल तर तो बहुधा गेनचा, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा त्याचा खेळ. माइक हातभर लांब ठेवून गेन चढवला की शेजारच्या मिक्सरपासून खालच्या रिक्षापर्यंत सगळं आत येतं. माइक वीतभर अंतरावर आणा, गेन उतरवा. सॉफ्टवेअरने मागाहून आवाज पुसता येतो, पण जास्त पुसलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

ब्लूटूथवाल्यांचं दुखणं वेगळं. मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम जुन्या लँडलाइनसारखा होतो, कारण माइक चालू होताच हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि ध्वनीचा दर्जा घसरतो. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकायला हेडफोन ठेवा. आणि नॉइज कॅन्सलिंगकडून फार अपेक्षा नको: लोकलची सलग घरघर ते छान गिळतं, पण डब्यातल्या फेरीवाल्याची आरोळी बरीचशी तशीच कानात शिरते.