अडखळत वाचणाऱ्या पोरांना रोज नवा धडा देऊ नका

तिसरी-चौथीतली पोरं अक्षरं ओळखतात पण वाक्यात अडकतात, अशांना एकच छोटा उतारा तीन-चार वेळा मोठ्यानं वाचायला लावा. वाचनावर संशोधन करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये हीच पद्धत मांडली आणि नॅशनल रीडिंग पॅनेल या वाचनावरचं संशोधन तपासणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनंही २००० मध्ये मार्गदर्शनासह पुन्हापुन्हा मोठ्यानं वाचण्याच्या बाजूनंच कौल दिला.

उतारा ५०-६० शब्दांचा बास, फक्त ओळखीचा पाहिजे. आपल्या सोलापुरात शेंगाचटणी उखळात कशी कुटतात, गड्ड्याच्या जत्रेत काय काय असतं, असलं काहीतरी फळ्यावर लिहा. शहराच्या पूर्व भागात बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, तिथं आधी तोंडी गप्पा मारून शब्द कळलेत का बघा, मगच वाचन.

पहिल्यांदा तुम्ही वाचा, शब्दाखाली बोट फिरवत, मग जोडीजोडीनं पोरं. 'सिद्धेश्वर'सारखं जोडाक्षर अडलं की दोन-तीन सेकंद गप्प बसा, लगेच सांगायची खोड आपल्यालाच जास्त असते. वेळ मोजायची तर गुपचूप मोजा, नाहीतर पोरं नुसती सुसाट सुटतात नि अर्थ गेला उडत, आणि इंग्रजीचे मिनिटाला-इतके-शब्द वाले तक्ते मराठीला तर अजिबात लावू नका. वाचून झालं की एवढंच विचारा, "काय वाचलंस, सांग बरं?"